डावी बाजू

युसूफ वडगाव,
११ फेब्रुवारी १९९२

चि. राधाकिशन यास केसरबाईचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. गीतानं वाचून दाखवलं. हे बी तीच लिहिती हाय, मी सांगते तसं. अर्जुनच्या दोन्ही किडन्या वाळून गेल्या म्हणतोस, ते ऐकून तुजे दाजी उठून बाहेर गेले ते दिवस मावळल्यावर घरात आले. तू मोठ्या कॉलेजात मास्तर हायस, पोरांना माणसाचं अंग फाडून शिकवतोस, तुज्याकडं लेकरू ठेवलंय म्हणून तरी धीर हाय. न्हाईतर पुण्यात आमचं कोण.

अर्जुनला म्हणावं कारखान्याची काळजी करू नको. ऊस वाळला, कारखाना संक्रांतीच्या आतच बंद झाला, त्याच्या बॉयलरवरची समदी माणसं घरीच बसल्यात. इथं पाण्याचा टँकर येतो तवा बाया हंडे घेऊन पळत्यात. सिंधूला मी पाठवत न्हाई. तिला दिवस गेल्यात, दुसरा महिना हाय. अर्जुनला सांग, आनंद वाटंल.

आता मेन गोष्ट. तू लिहिलंस की घरातल्या कुणीतरी एक किडनी द्यावी लागंल. माजं रगत जुळत न्हाई. दाजीला बीपी हाय. गीताचं जुळतंय. तर गीता देईल. पोरगी दांडगी हाय, काई होत न्हाई. फकस्त एक कर, हे घाटनांदूरला कळू देऊ नको. बंकटच्या घरचे चांगले हायत, पण पोट कापलेली पोरगी म्हणून नको म्हणतील. लग्न उन्हाळ्यात धरलंय.

केसरबाई

ता. क. मामा, हे माझं. आई म्हणते म्हणून नाही, मी माझ्या मनानं देते. दादाला सांगा, घाबरू नको. — गीता


पुणे,
२० फेब्रुवारी १९९२

ती. आक्कास राधाकिशनचा नमस्कार.

अर्जुनला आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायला नेतो. परत आला की दोन तास बोलत नाही, मग हळूहळू माणसात येतो. बाळाची बातमी सांगितली. संध्याकाळी हिला विचारत होता, मामी, गरोदर बाईनं टँकरचं पाणी उकळून प्यावं का.

गीताला इथं आणण्याआधी एक तपासणी तिकडेच उरकून घ्या. आंबेजोगाईला सोनोग्राफी होते, पोटावर यंत्र फिरवून आतलं दिसतं, दुखत नाही. अर्जुनला हा आजार जन्मापासूनच्या दोषानं झाला असेल तर बहिणीतही तो असू शकतो, म्हणून आधी तिच्या किडन्या नीट आहेत हे बघायला हवं. रिपोर्ट पोस्टानं माझ्याकडे पाठवा.

इथले डॉक्टर तिच्या तब्येतीची माहिती विचारतील. आधी काही मोठं दुखणं, ताप, लघवीचा त्रास, पाळी वेळेवर येते का, एवढं लिहून पाठवा.

गीता, तुझ्या चार ओळी मी अर्जुनला वाचून दाखवल्या. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मग म्हणाला, तिचं लग्न होऊ द्या आधी.

राधाकिशन


युसूफ वडगाव,
४ मार्च १९९२

चि. राधाकिशन यास आशीर्वाद.

आंबेजोगाईला जाऊन आलो. मी, गीता आन् तुजे दाजी. डॉक्टर तरुण हाय. त्यानं यंत्र फिरवलं, पुन्यांदा फिरवलं, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. मी इचारलं कावून येवढा येळ, तर म्हणला, तुमच्या भावालाच कागद पाठवा, ते शिकलेले हायत. पाकीट सोबत लावलंय. आमी फोडलं न्हाई.

तू इचारलंस ते. गीताला कंदी मोठं दुखणं न्हाई. लघवीचा तरास न्हाई. पाळी महिन्याच्या महिन्याला येती. समदं इतर पोरींसारखं हाय.

घाटनांदूरचे पाव्हणे येऊन गेले. बंकट सोता आलता. पोरगा गरीब हाय सोभावानं, खाली मान घालून बसला. त्याच्या बापाला अर्जुन आजारी हाय येवढंच सांगितलं.

लवकर कळव. उशीर करू नको.

केसरबाई

ता. क. मामा, वरचं सगळं आईनं सांगितलं तसं लिहिलं आहे. — गीता


पुणे,
१२ मार्च १९९२

चि. गीतास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावानं लिहितो आहे. आक्काला यातलं किती वाचून दाखवायचं ते तू ठरव.

रिपोर्ट मी स्वतः पाहिला, आणि इथल्या दोन डॉक्टरांना दाखवला. तुझ्या उजव्या बाजूला किडनी आहे. चांगली आहे, नेहमीपेक्षा मोठी आहे. डाव्या बाजूला किडनी नाही. कधी नव्हतीच. आणि गर्भाची पिशवी दिसत नाही.

तुझी ता. क. मला रिपोर्टनंतर समजली. तुला पाळी कधी आलेली नाही, असंच ना?

गीता, या दोन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत, एकच आहे. हा भाग मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. यंदा वर्गात खडू हातात धरून उभा राहिलो आणि पोरांना सांगितलं, आज सुट्टी. तुला मात्र सांगतो, कारण तुला कळलं पाहिजे.

गर्भ तीन आठवड्यांचा, तिळाएवढा असतो तेव्हा त्याचे तीन थर असतात. वरच्या थरातून कातडी आणि मेंदू होतो, खालच्यातून आतडी. मधल्या थराच्या पाठीशी, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टी असते. त्या पट्टीत किडन्या तयार होतात, आणि एकदा नाही, तीनदा. पहिली जोडी मानेजवळ उगवते आणि विरून जाते. दुसरी तिच्या खाली येते, थोडे दिवस काम करते आणि तीही जाते, पण तिची नळी मागे उरते. त्या नळीच्या खालच्या टोकाला अंकुर फुटतो, तो पट्टीच्या शेवटच्या भागात शिरतो, आणि तिथं तिसरी, खरी किडनी धरते. मुलीच्या गर्भात त्याच नळीला बिलगून आणखी एक नळी खाली उतरते. डावीकडची आणि उजवीकडची, अशा दोघी मधे येऊन मिळतात. त्यांची पिशवी होते. तुझ्या डाव्या बाजूला अंकुर फुटलाच नाही. बिलगून उतरणाऱ्या नळ्या वाटेतच थांबल्या. अंडाशयं दुसऱ्या ठिकाणाहून होतात, ती तुझी नीट आहेत, म्हणून तुझी बाकी वाढ सगळ्या मुलींसारखी झाली. तू बाईच आहेस, यात शंका धरू नकोस.

एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य काढतं. पण ती तुला कुणालाही देता येणार नाही.

अर्जुनला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा मामा


युसूफ वडगाव,
२१ मार्च १९९२

ती. मामास गीताचा नमस्कार.

पत्र मी आईला अर्धंच वाचून दाखवलं, किडनीचं. पिशवीचं वाचताना मी थांबले, पण तिला कळलं. म्हणाली, खाली अजून लिहिलंय, तू डोळ्यानं वाचतीस. मग वाचलं.

तिला पिशवीचं माहीत नव्हतं. तिला वाटायचं, उशीर आहे, येईल. मी पंधरा वर्षांची झाले तेव्हापासून ती दर महिन्याला जुन्या लुगड्याचे तुकडे धुते आणि मागच्या दोरीवर वाळत घालते, शेजारच्या बायांना दिसतील असे. सिंधूवहिनीला पण तेच दाखवलेलं आहे. माझ्यासाठी चार दिवस बाजूला बसायची जागा केली आहे, मी तिथं बसते. यंदा पाणी नाही, तरी तिनं गेल्या महिन्यात टँकरच्या पाण्यातून अर्धी बादली काढून ते कोरे तुकडे धुतले. वहिनी म्हणाली, आत्याबाई, आज राहू द्या. आई तिच्यावर ओरडली.

तुमचं पत्र ऐकून तिनं एकच विचारलं, ते लिहिते. बहात्तरच्या दुष्काळात ती रोजगार हमीवर रस्त्याची खडी फोडायला जायची, तेव्हा मी पोटात होते. बसून बसून, हातोडा मारून मारून माझ्या अंगातलं मोडलं का? ती म्हणते, राधाकिशनला विचार आणि खरं सांग म्हणावं.

मला एक विचारायचं आहे. माझी एकच आहे, तर ती एक दादाला बसवता येणार नाही का? मी यंत्रावर जाईन, तो जातो तसं. दादाला बायको आहे, बाळ होणार आहे. माझं तसं काही होणार नाही. तुम्ही डॉक्टरांना नुसतं विचारा.

गीता


पुणे,
३० मार्च १९९२

चि. गीतास आशीर्वाद.

मी डॉक्टरांना विचारणार नाही. विचारलं तर ते मला खोलीबाहेर काढतील, आणि बरोबर करतील. असं पुन्हा लिहू नकोस.

आक्काला हे वाचून दाखव. आक्का, मी तुला समजूत काढायला काही सांगत नाही, पुस्तकात आहे ते सांगतो. या नळ्या, हे अंकुर पाळी चुकल्यापासून महिनाभराच्या आतबाहेर ठरतात. तुला दिवस गेलेत हे तुझ्या नीट ध्यानात येण्याआधीच ते ठरलं होतं. खडीनं, हातोड्यानं गर्भातली नळी थांबत नाही. कशानं थांबते ते अजून कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

अर्जुनला सांगावं लागलं. तो रोज विचारायचा, गीता कधी येणार. किडनी एकच आहे एवढंच सांगितलं, दुसरं नाही. तो म्हणाला, बरं झालं मामा, माझ्या मनावरचं ओझं गेलं. पण त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. परवा यंत्रावर असताना छातीत पाणी भरलं, दोन रात्री दवाखान्यात ठेवलं. दाजींना पाठवून दे. शक्य तितक्या लवकर.

राधाकिशन


युसूफ वडगाव,
१४ मे १९९२

ती. मामास गीताचा नमस्कार.

तुम्ही दादाला घेऊन आलात, तेराव्यापर्यंत थांबलात आणि गेलात. त्या दिवसांत तुमच्याशी एकटीनं बोलायला मिळालं नाही. माणसं होती. म्हणून लिहिते.

तुम्ही गेल्यावर मला कळलं की गावात काय बोलतात. म्हणतात की बहिणीनं द्यायचं कबूल केलं आणि लग्न तोंडावर आलं म्हणून माघार घेतली. भाऊ मेला पण हिनं कातडीला धक्का लागू दिला नाही. टँकरवर माझ्या हंड्याला कुणी हात लावत नाही. मला वाटलं, माणसं उगाच रचतात. मग चतुराबाई, आमच्या शेजारची, मला तोंडावर म्हणाली, तुझ्या आईनंच सांगितलं.

मी आईला विचारलं. तिनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, "लोक चार महिने नावं ठेवतील न् इसरतील. ते दुसरं कळलं तर जल्मभर घरात राहशील."

घाटनांदूरच्या लोकांच्या कानावर हे गेलंच. पण मामा, ते नाराज नाहीत. बंकटचा बाप येऊन गेला. म्हणाला, पोरीनं शहाणपण केलं, गेलेलं माणूस गेलं, राहिलेल्याचं बघावं. लग्न साध्या पद्धतीनं, महिनाभरात उरकू म्हणतात. आईनं होकार दिला आहे.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं जेवत नाही. तिचं पोट आता दिसतं. परवा चुलीपाशी ती मला म्हणाली, "सांबाळ गं, लई जपून ठिवलीस." तेवढंच. मी भाकरी उलटत राहिले.

आई म्हणते, तुम्हीही गप्प राहायचं कबूल केलं आहे. खरं का?

गीता


पुणे,
२३ मे १९९२

चि. गीतास आशीर्वाद.

खरं आहे. तेराव्याला तुझ्या आईनं माझे हात धरले आणि कुणाला सांगू नको म्हणाली. मला वाटलं, हे तुझ्या भल्याचं आहे आणि तुलाही हेच हवं आहे. तू नकार दिलास असं ती सांगणार आहे, हे मला माहीत नव्हतं.

शब्द मी तिला दिला, तू कुणाला दिलेला नाहीस. अंग तुझं आहे. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे तूच ठरव. सांगायचं ठरवलंस आणि कुणी विश्वास ठेवला नाही, तर मला तार कर, मी रिपोर्ट घेऊन येईन आणि तुझ्या शेजारी उभा राहीन. लग्न मोडलं आणि घरात राहणं अवघड झालं, तर माझं घर आहे. मामीला विचारूनच लिहितो आहे.

एवढं मात्र सांगतो, की त्या मुलाला अंधारात ठेवून लग्न करू नकोस. वर्षभरात त्यांना कळेलच. तेव्हा तू त्यांच्या घरात असशील आणि एकटी असशील.

तुझा मामा


युसूफ वडगाव,
२ जुलै १९९२

ती. मामास गीताचा नमस्कार.

तार केली नाही, कारण गरज पडली नाही. उशिरा लिहिते आहे.

मी आधी बंकटला सांगितलं. आठवडी बाजाराच्या दिवशी तो वडगावला आला होता. बाबा सोबत होते. आईला न सांगता आम्ही गेलो. मी बाबांना वाटेत सगळं सांगितलं होतं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते सायकल हातात धरून चालत होते, थोडं अंतर मागे राहिले, मग पुन्हा बरोबरीनं आले. म्हणाले, "मी हाय तिथं. बोल तू." बंकटला मी सांगितलं की मला लेकरू होणार नाही, कधीच, आणि दादाला किडनी मी नाकारली नाही, माझ्याकडं द्यायला नव्हती. त्यानं ऐकून घेतलं. वाईट बोलला नाही. चार दिवसांनी त्याच्या घरून निरोप आला, सोयरीक मोडली. मोडणार हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी रडले. त्यानं स्वतः यावं असं कुठंतरी वाटत होतं.

मग काही लपवायचं राहिलं नाही. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. गावात नवीन बोलणं सुरू झालं, ते तुम्हाला लिहीत नाही.

वहिनी मात्र आठ-दहा दिवस माझ्याकडं नुसती बघायची. एकदा दळण निवडताना म्हणाली, मग ते दोरीवरचे तुकडे? मी म्हटलं, कोरेच असायचे. ती सूप ठेवून उठून गेली. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसली आणि विचारलं, हे पोटातच ठरतं ना? कधी ठरतं? मी तुमचं पत्र काढून तिला सगळं वाचून दाखवलं. तीन जोड्या, नळी, अंकुर. तिनं ते तिळाएवढ्या गर्भाचं दोनदा वाचायला लावलं. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे ह्या लेकरात जे व्हायचं ते होऊन गेलंय." मी हो म्हटलं. त्या दिवशी तिनं माझ्या हातचं खाल्लं.

तिनं सोनोग्राफीचा हट्ट धरला. आई लगेच तयार झाली. कशासाठी ते तुम्हाला कळेल. अर्जुनचा वंश मुलगा आहे का, एवढंच तिच्या डोक्यात होतं. परवा आम्ही तिघी आंबेजोगाईला गेलो. तोच डॉक्टर. त्यानं मला ओळखलं. वहिनी म्हणाली, गीता आत येईल, आत्याबाई बाहेर बसतील. आई बाहेर बसली.

डॉक्टरनं यंत्र लावायच्या आधीच सांगून टाकलं, मुलगा का मुलगी ते विचारू नका.

"ते नगं," वहिनी म्हणाली. "दोन हायत का तेवढं बघा."

तो म्हणाला, जुळं नाही, एकच बाळ आहे.

"किडन्या, डॉक्टर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बराच वेळ यंत्र फिरवलं. पडदा आमच्याकडं वळवून त्यानं बोट ठेवलं. मला सगळं राखेसारखं करडं दिसत होतं, त्यात घेवड्याच्या दाण्यासारखा एक डाग. ही उजवी, तो म्हणाला. वहिनीनं माझा हात धरला होता, नखं रुतत होती. मग त्यानं यंत्र सरकवलं, थांबला, थोडं दाबलं. आणि ही डावी. वहिनी रडली नाही. तिनं त्याला पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावलं.

बाहेर आलो. आई बाकावरून उठली आणि वहिनीला विचारलं, काय हाय?

"दोन्ही हायत, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "दोन्ही बाजूला हायत."

आईनं पुन्हा विचारलं नाही. आम्ही स्टँडवर आलो. केजची गाडी लागायची होती. वहिनी पाणी प्यायला गेली. आई माझ्या शेजारी बसली होती, पदर तोंडाला लावून. गावाकडची ओळखीची माणसं समोरून गेली, तिनं वर पाहिलं नाही. मग इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली. माझ्या डाव्या कुशीवर, पाठीच्या बाजूला तिनं हात ठेवला आणि विचारलं, "हितं दुखत न्हाई ना गं तुला?"

मी म्हटलं, न्हाई.

गाडी येईपर्यंत तिनं हात काढला नाही.

गीता